शास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनी

मुलांनो, भातकुलीच्या बाजारातून आपण आलू आणतो. पुस्तकी मराठीत त्यालाच बटाटा म्हणतात. जमिनीतून काढून पोत्यात भरला तरी बटाटा जिवंत असतो. तो श्वास घेतो. म्हणून तर काही दिवसांनी त्याला कोंब फुटतात. बटाट्यासारख्या वनस्पतींच्या या श्वसनाचा अभ्यास एका मराठी मुलीने इंग्लंडमध्ये जाऊन केला. तिचे नाव कमला भागवत. पुढे त्या डॉ. कमला सोहोनी या नावाने प्रसिद्ध झाल्या.

कमलाबाईंचा जन्म विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी इंदूर येथे झाला. त्यांचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. दोघेही बंगळूरच्या प्रसिद्ध विज्ञान संस्थेत शिकले होते. नामवंत लेखिका दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या भगिनी. अशा घरात मुलींच्या शिक्षणाला अडथळा नव्हता. अडथळा होता तो घराबाहेर.

1933 साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. वडिलांप्रमाणे बंगळूरला जाऊन संशोधन करावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी अर्ज केला. नोबेल पारितोषिक मिळवणारे सर सी. व्ही. रामन त्या वेळी संस्थेचे संचालक होते. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच : अर्ज करणारी मुलगी होती.

तुम्ही असता तर काय केले असते? कमलाबाई रडत बसल्या नाहीत. त्या थेट बंगळूरला गेल्या आणि आपल्याला का नाकारले, असे त्यांनी रामन यांना विचारले. त्यांनी आपला आग्रह सोडला नाही. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे. काम समाधानकारक वाटेपर्यंत त्याला मान्यता नाही. शिवाय त्यांच्यामुळे मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये. या अटी मनाला लागणाऱ्या होत्या. तरीही कमलाबाईंनी त्या मान्य केल्या आणि रात्रंदिवस काम केले. वर्षभरात रामन यांची खात्री पटली. त्यानंतर संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली. 1936 साली कमलाबाईंनी एम.एस्सी. पदवी मिळवली.

पुढे त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा होती. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल हॉपकिन्स यांना 1929 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला होता. तेथे बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ नावाचे प्रथिन आढळले. वनस्पतींच्या श्वसनात त्याचा वाटा असतो, हे त्यांनी दाखवले. त्यांचा प्रबंध फक्त 40 पानांचा होता. 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

आता हे सायटोक्रोम सी करते तरी काय? आग लागली की माणसे रांगेत उभी राहतात आणि पाण्याची बादली हातोहात पुढे देतात. आपल्या पेशींतही अशीच एक रांग असते. तिच्यात बादलीऐवजी इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण पुढे दिले जातात. त्यातूनच अन्नातली शक्ती शरीराच्या उपयोगी पडते. सायटोक्रोम सी हा या रांगेतला एक गडी. पण तो एकटा काम करू शकत नाही. त्याला ‘हीम’ नावाचा मदतनीस लागतो. हीमच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. आपल्या रक्ताचा लाल रंगही हीममुळेच असतो. शरीरातल्या अनेक विकरांनाही हीमची गरज असते.

हे हीम आपले शरीर स्वतःच आठ पायऱ्यांनी तयार करते. प्रत्येक पायरीवर वेगळे विकर काम करते आणि ते विकर कसे बनवायचे, हे आईवडिलांकडून मिळालेल्या जनुकात लिहिलेले असते. रक्तपेशींसाठी पहिल्या पायरीचे विकर बनवणाऱ्या जनुकात दोष असला, तर अंगात लोह असूनही पुरेसे हीम बनत नाही. माणसाला रक्तक्षय होतो. त्या विकरालाही एक मदतनीस लागतो. तो ब-6 या जीवनसत्त्वापासून बनतो. म्हणून अशा काही रुग्णांना डॉक्टर ब-6 देतात आणि त्यांना गुण येतो. जनुकांविषयीचे हे ज्ञान कमलाबाईंच्या प्रबंधानंतर अनेक वर्षांनी मिळाले. लहानशा मदतनिसाशिवाय मोठे काम अडते, हे मात्र यावरून चांगले समजते.

1939 साली कमलाबाई मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात त्यांनी शिकवले. नंतर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले. 1947 साली मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तेथील विज्ञान संस्थेत त्या प्राध्यापक आणि पुढे संचालक झाल्या.

आता त्यांचे लक्ष गरिबांच्या ताटाकडे होते. आपल्या वऱ्हाडात तूर, मूग, हरभरा पिकतो. अशा कडधान्यांत पचनाच्या विकराला अडवणारे पदार्थ असतात. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांचा अभ्यास केला. चांगले शिजवले की या पदार्थांचा जोर कमी होतो. म्हणून वरण नीट शिजलेले असावे. शिंदी व ताड यांच्या झाडांपासून मिळणाऱ्या नीरेचाही त्यांनी अभ्यास केला. ताज्या नीरेत क जीवनसत्त्व आणि लोह असते. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तिचा उपयोग होईल, असे त्यांना आढळले. आपल्याच जिल्ह्यातल्या मेळघाटात कुपोषणाने किती बालके दगावली, हे तुम्ही ऐकले असेल. त्यावरून या कामाचे मोल तुमच्या लक्षात येईल. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

1966 साली मुंबईत काही स्त्रियांनी ग्राहकांच्या हितासाठी एक संस्था स्थापन केली. कमलाबाई तिच्या कामात पुढे होत्या. संस्थेच्या मासिकाचे नाव होते ‘कीमत’. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहेच. त्यात त्या ग्राहकांना सावध करणारे लेख लिहीत.

1998 साली दिल्लीत त्यांचा सत्कार झाला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.

मुलींनो, तुमच्यापैकी काही जणी उद्या विज्ञान शिकायला अमरावतीला जातील. कोणी विचारील, मुलीला एवढे शिकून काय करायचे? तेव्हा भांडू नका, पण मागेही फिरू नका. आपले काम चोख करून दाखवा. आणि मुलांनो, तुमची बहीण प्रयोगशाळेत जाऊ म्हणेल, तेव्हा तिच्यापुढे अटी ठेवू नका. तिची पिशवी उचला आणि तिला बसपर्यंत सोडून या.