डॉ. पॉल ब्रोका आणि एक वंशावळ

पॉल ब्रोका यांचा जन्म १८२४ साली फ्रान्समध्ये एका डॉक्टराच्या घरी झाला. पुढे ते पॅरिसला नामांकित शस्त्रवैद्य झाले. १८६१ साली वाचा गेलेल्या एका रोग्याचा मेंदू त्यांनी मृत्यूनंतर तपासला. डाव्या बाजूस, पुढच्या भागात त्यांना इजा आढळली. मेंदूतील त्या जागेला आजही त्यांचेच नाव आहे.

भगिनींनो, मला त्यांची आठवण होते ती मात्र दुसऱ्याच कारणाने. १८५७ साली त्यांचा विवाह आदेल लुगोल यांच्याशी झाला. आयोडीनच्या द्रावणामुळे प्रसिद्ध असलेल्या डॉ. लुगोल यांची ही कन्या. पत्नीच्या माहेरी स्तनाच्या कर्करोगाने पिढ्यान्‌पिढ्या स्त्रिया दगावत होत्या. ब्रोकांनी १७८८ पासून १८५६ पर्यंतच्या मृत्यूंची वंशावळ मांडली आणि १८६६ साली आपल्या अर्बुदांवरील ग्रंथात ती दिली. हा योगायोग नव्हे, रक्तातूनच काही उतरत असले पाहिजे, असे त्यांचे मत पडले.

याच ब्रोकांनी कवट्या व मेंदू मोजून स्त्रीची बुद्धी पुरुषाहून कमी ठरवली होती. ते साफ चुकीचे ठरले. वंशावळ मात्र खरी ठरली. १८८० साली ते वारले. त्यानंतर शंभरावर वर्षांनी, १९९० साली, अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग यांनी या रोगाशी निगडित जनुकाची जागा दाखवली. एका स्त्रीनेच ते काम पुढे नेले, याचा मला आनंद वाटतो. बीआरसीए १ हे ते जनुक १९९४ साली आणि बीआरसीए २ हे १९९५ साली हाती आले. या जनुकांतील दोषामुळे स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो.

माझी आजी व आत्या याच दुखण्याने गेल्या. दुखणे वडिलांकडचे, मुलींना त्याची भीती नाही, असे घरात सगळे समजत. पण हा दोष बापाकडूनही येतो. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्यात तो उतरण्याचा संभव निम्मा असतो. दोष असलेल्या प्रत्येकीला रोग होतोच असे नाही, आणि स्तनाचे बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतातही. परंतु घरात अशा दोघी-तिघी झाल्या असतील, तर डॉक्टरांना सांगावे. रक्त तपासून दोष कळतो, आणि वेळीच कळला तर उपाय आहेत.

मुलीचे लग्न अडेल म्हणून आपण आजाराचे नाव घेत नाही. ब्रोकांनी पत्नीच्या माहेरचे दुखणे लिहून ठेवले. आपणही सासर-माहेरच्या आजारांची नोंद एका वहीत करावी आणि ती लेकीसुनांच्या हाती द्यावी.