कॉलिन चॅपमन
अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन (१९ मे, १९२८:रिचमंड, इंग्लंड – १६ डिसेंबर, १९८२:ईस्ट कार्लटन, नॉरफोक, इंग्लंड) हे ब्रिटिश अभियंते, मोटारींचे रचनाकार आणि लोटस कार्स या कंपनीचे संस्थापक होते. शर्यतीच्या मोटारीची स्प्रिंग किती नरम वा किती कडक असावी, या प्रश्नाला त्यांनी आपल्या कारकिर्दीत परस्परविरोधी दोन उत्तरे दिली. दोन्ही उत्तरे शर्यतीत यशस्वी ठरली.

सुरुवातीचे जीवन
चॅपमन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे संरचना अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. विद्यार्थिदशेतच ते विमान चालविण्यास शिकले. १९४८ मध्ये त्यांनी मैत्रीण हेझल विल्यम्स यांच्या घरामागील गॅरेजमध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आधारित आपली पहिली स्पर्धा-मोटार बांधली. १९५२ मध्ये हेझल यांनी दिलेल्या २५ पौंडांच्या उसनवारीवर लोटस इंजिनिअरिंग ही कंपनी सुरू झाली. १९५४ मध्ये दोघांचा विवाह झाला.

नरम स्प्रिंग
लवचिक सांगाडा आणि कडक स्प्रिंगा ही जुन्या शर्यती मोटारींची रूढ रचना होती. अशा मोटारीत सांगाडाच पिळवटून स्प्रिंगेसारखा वागतो व त्यावर नियंत्रण राहत नाही. चॅपमन यांनी याउलट सांगाडा ताठ व हलका, स्प्रिंगा नरम आणि हेलकावे रोखण्यासाठी योग्य शॉक ॲब्सॉर्बर अशी मांडणी केली. स्प्रिंगेवरील वस्तुमान निम्मे झाल्यास दोलनांची वारंवारता तीच राखण्यासाठी स्प्रिंगेचा कडकपणाही निम्मा करावा लागतो. हलक्या मोटारीला जड मोटारीच्या स्प्रिंगा बसविल्यास खडबडीत रस्त्यावर चाके उसळतात व टायरची पकड सुटते. लोटस मार्क ६ (१९५२) आणि लोटस सेव्हन (१९५७) या मोटारी सुट्या भागांच्या संचातही मिळत. हौशी चालक त्या घरी जोडून शर्यतीत उतरवीत. चॅपमन यांनी व्हॅनवॉल संघासाठीही सांगाडा रचला. या संघाने १९५८ मध्ये फॉर्म्युला वनचे पहिले उत्पादक अजिंक्यपद मिळविले.

कडक स्प्रिंग
लोटस ७८ (१९७७) व लोटस ७९ (१९७८) या मोटारींच्या तळाखालून वाहणारी हवा मोटारीला जमिनीकडे खेचत असे. हे बल टिकविण्यासाठी तळाची उंची जवळजवळ स्थिर राहणे आवश्यक होते. त्यामुळे स्प्रिंगा कडक होत गेल्या. मारियो आंद्रेत्ती यांनी १९७८ चे विश्वविजेतेपद जिंकले. मात्र पुढील वर्षीची लोटस ८० वेगात वरखाली हेलकावू लागली. कडक स्प्रिंगांमुळे चालकांना हादरेही तीव्र बसत. यावर उपाय म्हणून चॅपमन यांनी लोटस ८८ मध्ये (१९८१) दोन सांगाडे योजले: हवेचा दाब चाकांवर नेणारा बाहेरचा आणि चालकाला वाहून नेणारा, नरम स्प्रिंगांवरील आतला. नियामकांनी या मोटारीस शर्यतीत भाग घेऊ दिला नाही.

यश व टीका
चॅपमन यांच्या हयातीत लोटसने ७ उत्पादक व ६ चालक अजिंक्यपदे जिंकली. वजन घटविण्याच्या आग्रहापायी त्यांच्या मोटारी नाजूक होतात, अशी टीकाही झाली. जिम क्लार्क (१९६८) व योखेन रिंट (१९७०) यांचा लोटस चालवितानाच अपघाती मृत्यू झाला. रिंट यांना विश्वविजेतेपद मरणोत्तर मिळाले.

मृत्यू
हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या ५४ व्या वर्षी चॅपमन यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, संगणकनियंत्रित सस्पेन्शन असलेली लोटस ९२ शर्यतीत उतरली.