शं. बा. दीक्षित : आकाश वाचायला शिकवणारे मास्तर



आपल्या मुलांना आठ ग्रहांची नावं क्रमाने पाठ असतात. पण अंगणात उभं करून आज चंद्र साधारण कुठे दिसेल, असं विचारलं तर बरीचशी मुलं गप्प होतात. आपण आकाश पुस्तकातून शिकवतो, म्हणून ते पुस्तकातच राहतं. आज अशा एका शिक्षकाची ओळख करून घेऊया, ज्यांनी आयुष्यभर पुस्तक आणि आकाश शेजारी-शेजारी ठेवून वाचलं. आणि ते आपल्या शेजारचेच!

आंजर्ल्याहून खाडी ओलांडली की हर्णै, आणि तिथून दक्षिणेला मुरुड. दापोली तालुक्यातल्या या मुरुडात १८५३ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म झाला. गावच्या शाळेत शिक्षण झालं, मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं आणि मॅट्रिकची परीक्षा दिली. पुढे नोकरी ती शिक्षकाचीच. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुण्याचं ट्रेनिंग कॉलेज. बदल्या, वर्ग, परीक्षा, तपासणी... तुमच्या-आमच्यासारखंच सगळं. त्यांच्या हाताशी ना वेधशाळा होती, ना विद्यापीठातली खुर्ची.

तरीही शाळा सांभाळून या माणसाने 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा प्रचंड ग्रंथ मराठीत लिहिला. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतचे ग्रंथ, गणित, पंचांगं सगळं त्यात तपासलं. तो १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्यासोबत भारतीय कालगणनेवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तकही आलं. जुन्या शिलालेखांवरच्या तिथींचं गणित करून देण्यासाठी फ्लीट यांच्यासारखे इंग्रज अभ्यासक या मास्तरांची मदत घेत. १८९८ मध्ये दीक्षित वारले, तेव्हा त्यांना पंचेचाळीसही पूर्ण झाली नव्हती.

पण आपल्यासाठी त्यांचं दुसरं एक पुस्तक जास्त महत्त्वाचं आहे. सामान्य वाचकांसाठी त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिलं आणि त्याला दुसरं नाव दिलं 'रात्रीची दोन घटका मौज'. एक घटका म्हणजे २४ मिनिटं, म्हणजे दोन घटका ४८ मिनिटं. जवळजवळ आपला एक तास! विद्वान माणसाने अभ्यासाला मौज म्हणावं, यातच त्यांच्यातला शिक्षक दिसतो. चला तर मग, त्यांच्याच कामातले तीन विषय घेऊन मुलांसाठी तीन खेळ करूया.

खेळ पहिला : सत्तावीस घरांचा चंद्र

मैदानावर फक्कीने मोठं वर्तुळ काढा. त्यावर २७ घरं आखून अश्विनीपासून रेवतीपर्यंत नक्षत्रांची नावं लिहा. मधे एक मूल पृथ्वी. एक मूल चंद्र, एक सूर्य. दोघांनाही रेवतीच्या घरात उभं करा. ही झाली अमावास्या. आता प्रत्येक टाळी म्हणजे एक दिवस. चंद्राने दर टाळीला एक घर पुढे जायचं, सूर्याने तेरा टाळ्यांनी एक घर. चौदाव्या टाळीला थांबा. चंद्र चित्रेत आणि सूर्य अश्विनीत, म्हणजे जवळजवळ समोरासमोर. पौर्णिमा झाली! चित्रेजवळची पौर्णिमा म्हणून महिना चैत्र, हे मुलं स्वतःच ओळखतात.

खेळ पुढे चालू ठेवा. सत्ताविसाव्या टाळीला चंद्र परत रेवतीत येतो, पण सूर्य तिथे नसतो, तो दोन घरं पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला चंद्राला आणखी दोन टाळ्या लागतात. चांद्रमहिना २७ दिवसांचा का नाही, साडेएकोणतीस दिवसांचा का, हे फळ्यावर समजावायला अख्खा तास जातो. इथे ते पायांना कळतं. आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना लगेच विचारा, उधाणाची भरती कधी? पौर्णिमा-अमावास्येला, हे त्यांना घरातूनच ठाऊक असतं. आता त्याची जागा वर्तुळात दाखवायला सांगा.

खेळ दुसरा : भोवरा आणि कृत्तिका

शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत असा उल्लेख आहे. दीक्षितांनी त्यावरून गणित मांडलं, की हे निरीक्षण इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचं असावं. या काळाबद्दल अभ्यासकांत आजही मतभेद आहेत, पण तपासायची पद्धत मुलांना जरूर दाखवा. होकायंत्राने मैदानावर पूर्वेची रेघ आखा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात अंधार पडल्यावर पालकांनी मुलांसोबत पूर्वेकडे पाहावं. कृत्तिकांचा पुंजका रेघेच्या बराच डावीकडे, उत्तरेला दिसतो. मग जागा बदलली कशी? भोवरा फिरवा. वेग कमी झाला की त्याचं डोकं गोल डुलतं. पृथ्वीचा आसही असाच डुलतो, एका फेरीला सुमारे २६,००० वर्षं लागतात.

खेळ तिसरा : सावलीची पैज

मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या आसपास येते आणि उत्तरायण तेव्हाच सुरू होतं, असं आपण सहज सांगून टाकतो. दीक्षित सायन पंचांगाच्या बाजूचे होते. आकाशातलं अयन आणि पंचांगातलं अयन जुळलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी त्यांनी वाद अंगावर घेतला. मुलांना निवाडा करू द्या. एक मीटरची काठी सरळ रोवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे खरी दुपार साधारण साडेबारा ते पाऊणच्या सुमारास होते, तेव्हा सावली मोजा. पुढच्या आठवड्यात ती कुठवर येईल, तिथे प्रत्येकाने आपला खडा ठेवायचा. २२ डिसेंबरला सावली सर्वांत लांब, सुमारे ८८ सेंमी भरेल. १४ जानेवारीला ती सुमारे ८२ सेंमीवर आलेली असेल. म्हणजे सूर्य केव्हाच उत्तरेकडे वळला! मात्र सूर्याकडे थेट बघायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा.

या तिन्ही खेळांना फक्की, काठी, दोरी, होकायंत्र आणि भोवरा एवढंच लागतं. शाळेत दुर्बीण नाही म्हणून खगोलाचा धडा वाचून संपवायचा, ही सवय आता सोडूया. शहरातल्या मुलांना दिव्यांच्या उजेडात चांदणं दिसेनासं झालं आहे. आपल्या गावात ते अजून दिसतं, पण किनाऱ्यावर दिवे वाढत चालले आहेत. ते आकाश आहे तोवर मुलांना त्याची ओळख करून द्यायला हवी.

दीक्षितांनी वर्ग सांभाळून ग्रंथ लिहिला. आपल्याला तर फक्त दोन घटका काढायच्या आहेत. या आठवड्यात एक खेळ नक्की घ्या, आणि मुलं काय प्रश्न विचारतात ते वहीत टिपून ठेवा. पुढचा धडा त्या प्रश्नांवरच घेता येईल.