नांगरवाले लक्ष्मणराव

आपल्या सोसायटीत सध्या घरटी नाही तरी मजल्याला एखादं पोरगं स्वतःचा उद्योग काढण्याच्या खटपटीत आहे. जिन्यात, लिफ्टमध्ये स्टार्टअप, फंडिंग, को-फाउंडर असे शब्द कानावर पडतात. स्मरणिका समितीने या मुलांसाठी एखाद्या मोठ्या उद्योजकाचं चरित्र लिहायला सांगितलं, तेव्हा दोन-तीन अमेरिकन नावं पुढे आली होती. मी म्हटलं, आपल्याकडचे लक्ष्मणराव किर्लोस्कर असताना इतक्या लांब कशाला जायचं? आमच्या पिढीला ते नाव विहिरीवरच्या इंजिनामुळे माहीत, आणि घरात येणाऱ्या मासिकामुळे. शिवाय माझं आयुष्य बँकेत लघुउद्योगांच्या कर्जाचे कागद तपासण्यात गेलं. त्या नजरेने पाहिलं तर या माणसाची फाइल फार विलक्षण आहे.

जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. घरात वडिलांचं वेदान्ताचं वातावरण आणि मुलाचं लक्ष चित्रात आणि यंत्रात. १८८५ मध्ये ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे काही दिवसांनी लक्षात आलं की आपल्याला काही रंग ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला आणखी काय वाईट कळायचं असतं? पण रंगाला नकार मिळाला तरी रेषा हातात होती. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवू लागले. तिथल्या यंत्रांशी त्यांची खरी ओळख झाली. बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

तिथे थोरले भाऊ रामूअण्णा यांच्यासोबत सायकलींचं दुकान होतंच. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. नोकरी सोडायच्या आधीच दुसरा पाय कुठे ठेवायचा ते ठरलेलं होतं, हे मी मुद्दाम सांगतो. आजकाल राजीनाम्याच्या शौर्यकथा फार ऐकू येतात, त्यामागचं दुकान कुणी सांगत नाही.

मग कडबा कापायचं यंत्र आलं, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. इथे गोष्ट अडकली. लाकडी नांगर जमीन वरवर उकरायचा, लोखंडी फाळ माती खोलवर उलटी करायचा. माल चांगला होता, पण शेतकरी घेईना. लोखंडाने जमिनीत विष उतरतं असा समज होता. सुमारे दोन वर्षं नांगर पडून राहिले.

हा प्रसंग सांगताना लोक शेतकऱ्याच्या अडाणीपणाला हसतात. मला ते पटत नाही. कारखानदाराचा नांगर खपला नाही तर त्याचे पैसे अडकतात. शेतकऱ्याचा एक हंगाम वाया गेला तर वर्षभर घरात काय शिजवायचं हा प्रश्न असतो. नवीन वस्तू पहिल्यांदा विकत घेणाऱ्याचा धोका बनवणाऱ्यापेक्षा मोठा असू शकतो. लक्ष्मणरावांनी त्या दोन वर्षांत धंदा गुंडाळला नाही, हे महत्त्वाचं. ज्यांनी नांगर वापरून पाहिला त्यांच्या शेताकडे बघून बाकीचे हळूहळू वळले.

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागलं आणि बेळगावातली जागा गेली. नगरपालिकेला तिथे नवी वसाहत वसवायची होती, तेव्हा कारखाना हलवा असा हुकूम आला. (घरं बांधायची म्हणून कारखान्याला उठवलं, हे वसाहतीतच राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी वाचताना जरा गंमत वाटते.) भट्ट्या, यंत्रं, कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन जायचं कुठे?

त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंधला राजेसाहेबांचं एक बांधकाम लक्ष्मणरावांकडे होतं, त्यामुळे माणूस पारखलेला होता. राजे स्वतः चित्रकार. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी. आमच्या बँकेच्या अर्जात यंत्रांची यादी असायची, तारण असायचं, पुढच्या पाच वर्षांचे अंदाज असायचे. माणूस कसा आहे याचा रकाना नव्हता. या फाइलीत तारण म्हणावं तर काही नाही, जागा गेलेली आणि माल नुकता कुठे खपू लागलेला. कुठल्याही नियमात हे कर्ज बसलं नसतं. राजेसाहेबांनी केवळ समोरच्याचं काम बघून पैसे दिले.

आणि जमीन तरी कशी? निवडुंग आणि साप. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. घरं, पाणी, रस्ते, शाळा यांची आखणी रामूअण्णांनी अंगावर घेतली. आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा पहिल्या दोन वर्षांत टँकरवरून किती भांडणं झाली ते जुन्या सभासदांना आठवत असेल. इथे तर माळरानावर कारखाना आणि गाव दोन्ही एकदमच उभं करायचं होतं.

या वाडीतली माणसं बघा. लक्ष्मणरावांची खरी करामत मला नांगरापेक्षा इथे दिसते. शंभूअण्णा जांभेकर इंजिनिअरिंग सांभाळायचे. के. के. कुलकर्णी कुठलीही अडचण सोडवायला धावायचे. मंगेशराव रेगे कारकुनी आणि हिशेब बघायचे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण डोकं कल्पक, म्हणून यंत्रांच्या कामात रमले. कुणाकडे कागदावर दाखवण्यासारखं फारसं नव्हतं. प्रत्येकाला काय जमतं ते ओळखून त्याच्यावर ते काम पूर्णपणे सोपवलं होतं. रामूअण्णांची वाडी रामूअण्णांनीच बघायची.

रात्रीच्या पहाऱ्याला ठेवले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. ज्यांच्यापासून कारखाना राखायचा त्यांच्याच हाती तो दिला, आणि दोघांनीही तो विश्वास राखला. आपल्याकडे वॉचमन बदलायचा तर तीन मीटिंगा होतात, तेव्हा या निर्णयामागची छाती किती मोठी ते समजून घ्या. उपकार म्हणून हे केलं असं मला वाटत नाही. त्या मुलखात रात्रीचा अंधार त्यांच्याइतका कुणाला ठाऊक होता? वाडीत शिवाशीव पाळायची नाही हाही नियम होता, आणि तो काळ लक्षात घेता हा नियम करणं नांगर विकण्याहून अवघड असणार.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येईना, म्हणून देशी नांगराची मागणी वाढली. पण कच्चं लोखंडही मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्याचं हे पत्रक पुतणे शंकरराव यांनी वाढवत नेलं, आणि पुढे 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिकं मराठी घराघरांत गेली. आमच्या आईच्या उशाशी 'स्त्री'चे अंक असायचे. ती मासिकं एका नांगराच्या कारखान्यातून निघाली हे तिला ठाऊक होतं की नाही कुणास ठाऊक.

नात्यातली माणसं कारखान्यात बरीच होती, हे आजच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांना रुचणार नाही. पण मुलाला वारसा नुसता देऊन टाकला नाही. शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकले, १९२६ मध्ये पदवी घेऊन परत आले आणि मग कामाला लागले. पुढे पंप आले, हरिहरला मशीन टूल्स, पुण्याला ऑइल इंजिनं, बंगळूरला विजेच्या मोटारी.

१९४८ च्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना भस्मसात झाला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. अडतीस वर्षांपूर्वी निवडुंग काढून उभं केलेलं सगळं त्या वयात राख झालेलं पाहणं काय असेल! कारखाना पुन्हा उभा राहिला आणि तो पुन्हा चालू झालेला त्यांनी पाहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले.

पुण्याहून मिरज-कोल्हापूरकडे रेल्वेने जाणाऱ्यांनी कराड मागे पडलं की खिडकीकडे लक्ष ठेवावं. सांगली यायच्या आधी एक स्टेशन लागतं. पूर्वी त्याचं नाव कुंडल रोड होतं. आता पाटीवर किर्लोस्करवाडी लिहिलेलं असतं.