अंधारात सापडलेली संख्या

दोनाची दुप्पट चार, चाराची आठ, आठाची सोळा. असे एकूण एकतीस दोन एकमेकांशी गुणले आणि आलेल्या उत्तरातून एक वजा केला, की २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मिळते. एक आणि ती स्वतः, याखेरीज तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. म्हणजे ती मूळ संख्या आहे. हे सिद्ध करणारे लेओनार्ड ऑयलर १७७२ साली ते कळवत होते, तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ संपली होती.

स्वित्झर्लंडमधील बाझल येथे १५ एप्रिल १७०७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक. मुलानेही तेच करावे, ही त्यांची इच्छा. पण योहान बेर्नुली या थोर गणितज्ञाकडे हा मुलगा दर शनिवारी दुपारी शंका घेऊन जाई. अखेर बेर्नुलींनीच वडिलांची समजूत घातली.

विसाव्या वर्षी ऑयलर रशियात पीटर्सबर्गच्या अकादमीत दाखल झाले. तिशीत उजवा डोळा गेला. १७४१ मध्ये ते बर्लिनला गेले. तिथला राजा फ्रेडरिक त्यांच्या एका डोळ्यावरून त्यांची टिंगल करी. १७६६ मध्ये ते पीटर्सबर्गला परतले आणि डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढला. १७७१ मध्ये घराला आग लागली, त्यातून ते कसेबसे वाचले. त्याच वर्षी शस्त्रक्रियेने थोडे दिवस दिसू लागले, पण डोळा चिघळला आणि पुन्हा अंधार झाला. काम मात्र थांबले नाही. ते तोंडी सांगत. मुलगा आणि सहकारी लिहून घेत.

आता ही संख्या. मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्येच ती मूळ असल्याचे म्हटले होते. पण पुरावा नव्हता, आणि त्याच्या यादीतल्या काही संख्या पुढे चुकीच्या ठरल्या. मग तपासायचे कसे? भाजक जोडीने येतात. जोडीतला लहान भाजक ४६,३४० च्या पुढे जाऊच शकत नाही. तरीही तिथपर्यंत साडेचार हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत. प्रत्येकीने भागून पाहायचे, तर डोळस माणूसही थकेल. ऑयलरनी आधी विचार केला. या संख्येला मूळ भाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे त्यांनी दाखवले. हजारोंच्या जागी शंभराहूनही कमी भागाकार उरले. एकही निःशेष गेला नाही. जवळजवळ शंभर वर्षे हीच जगाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

१७७३ मध्ये पत्नी काथारिना गेली. तेरा मुलांपैकी आठ लहानपणीच गेली होती. १८ सप्टेंबर १७८३ रोजी युरेनस या नव्या ग्रहाच्या कक्षेविषयी बोलणे झाले, आणि रात्री मेंदूतील रक्तस्रावाने ऑयलर यांची प्राणज्योत मालवली.

आज संगणक हा पडताळा क्षणात करतो. पण हजारो भागाकार कशाला करायचे, हा प्रश्न एका दृष्टिहीन माणसाला सुचला होता. मुलांच्या गणिताच्या वहीत उत्तर चुकलेले दिसले, तर ओरडण्याआधी त्यांनी विचार काय केला, हे एकदा विचारून पाहा.