चाँदबिबी : तलवारीच्या आधीची गोष्ट

पावसाळ्यात नळदुर्गला नर-मादी धबधबे सुरू झाले की आसपासच्या शाळांच्या सहली किल्ल्यावर निघतात. आमच्या अणदूरहून तर किल्ला अगदी जवळ. तरी संमतीपत्रं गोळा करताना आम्हाला दरवर्षी तेच दिसतं. मुलांची पत्रं दुसऱ्या दिवशी सही होऊन येतात, आठवी-नववीच्या काही मुलींची येतच नाहीत. अब्बा नको म्हणाले, एवढंच उत्तर. आणि हा किल्ला ज्या राज्याचा होता, ते राज्य कठीण काळात एका बाईने सांभाळलं होतं.

चाँदबिबीचं नाव माहीत नाही असं घर आपल्यात सापडणार नाही. पण डोळ्यांपुढे येते ती बुरुजावर तलवार घेऊन उभी असलेली सुलताना. ती तिथपर्यंत पोहोचली कशी, हे मुलींना कोणी सांगत नाही.

तिचा जन्म 1550 च्या सुमाराचा, अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) निजामशाही घराण्यातला. वडील हुसेन निजामशाह, आई खुंजा हुमायूँ. मुलीच्या तालमीत या घराने हात आखडता घेतला नाही. अरबी, फारसी, तुर्की, मराठी आणि कानडी तिला येत होतं, ती सतार वाजवायची आणि फुलांची चित्रं काढायची, असं सांगतात. पण आमच्या मते खरी शाळा आईची होती. 1565 मध्ये वडील वारले, भाऊ मुर्तझा लहान होता, आणि काही वर्षं राज्याचा कारभार खुंजा हुमायूँनेच चालवला. बाईने हुकूम द्यायचा आणि सरदारांनी तो ऐकायचा, हे चाँदबिबीला नवल वाटण्याचं कारणच नव्हतं.

पुढे मुर्तझाने आईलाच कैदेत टाकलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाचं त्या काळचं सचित्र हस्तलिखित आहे. त्यातल्या कितीतरी चित्रांत राजाशेजारची बेगमची आकृती कोणीतरी पुसून टाकलेली आहे. चित्रातून पुसता आली, लेकीतून पुसता आली नाही.

1564 च्या सुमारास तिचं लग्न विजापूरच्या अली आदिलशाहाशी झालं. सोलापूरचा किल्ला लग्नात आंदण दिला गेला. ज्या सोलापूरसाठी दोन राज्यं वर्षानुवर्षं भांडली, तेच आंदण! सासरीही तिला कोपऱ्यात बसवलं नाही. घोड्यावर बसून ती नवऱ्याबरोबर शिकारीला आणि मोहिमांवर जात असे.

1580 मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला. गादीवर आला पुतण्या इब्राहिम, वय 9 वर्षं. त्याला वाढवणं, शिकवणं आणि राज्य सांभाळणं चाँदबिबीवर आलं. सत्तेसाठी टपलेल्या किश्वरखानाने तिला महालातून काढून साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. तो पळाल्यावर ती सुटली आणि परत कामाला लागली. त्याच धामधुमीत निजामशाही आणि कुतुबशाही फौजांनी आपल्या नळदुर्गला वेढा घातला. किल्ला हाती लागेना, तेव्हा त्या विजापूरवर गेल्या. विजापूरही पडलं नाही.

नंतर ती माहेरी परतली. 1595 च्या अखेरीस अकबराचा शहजादा मुराद मोठी फौज घेऊन नगरच्या किल्ल्यापुढे आला. गादीचा वारस बहादूर, म्हणजे तिच्या भावाचा नातू, अजून तान्हा होता आणि सरदार आपसात भांडत होते. मुघलांनी तटाखाली सुरुंग पेरले. काहींचा पत्ता वेळेत लागला, ते निकामी केले गेले. एक मात्र उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. लोक मागे सरकू लागले, तेव्हा ती चिलखत चढवून, तोंडावर नकाब घेऊन खिंडाराशी उभी राहिली. नकाबही होता आणि तलवारही होती. पडद्याचं कारण सांगून मुलीची शाळा बंद करणाऱ्यांना आम्ही ही गोष्ट नेहमी ऐकवतो.

दिवसभर हल्ला थोपवला, रात्रीतून तट पुन्हा उभा केला. 1596 मध्ये तह झाला. वऱ्हाड द्यावं लागलं, पण नगर राहिलं.

शेवट मात्र वाईट झाला. काही वर्षांनी शहजादा दानियालची फौज आली. आपसातल्या फुटीमुळे किल्ला टिकणार नाही हे ओळखून तिने बोलणी करायचं ठरवलं. हमीदखान नावाच्या सरदाराने लगेच आवई उठवली की बाई मुघलांना मिळाली. कोणी तिला विचारलं नाही, शहानिशा केली नाही. स्वतःच्याच माणसांनी आत घुसून तिला मारलं. त्यानंतर लवकरच, ऑगस्ट 1600 मध्ये, किल्ला मुघलांनी घेतला. एका बाईबद्दलच्या अफवेवर राज्याची राजधानी गेली. आमच्या वर्गातल्या एका मुलीची शाळा मोबाइलवर फिरलेल्या एका खोट्या गोष्टीवरून सुटली, तेव्हा आम्हाला हमीदखानच आठवला.

नगरजवळ डोंगरावर ‘चाँदबिबीचा महाल’ म्हणून दाखवतात ती इमारत तिची नाहीच. ती सलाबतखानाची कबर आहे. तिच्या हाताखाली वाढलेल्या इब्राहिमच्या काळातली वास्तू मात्र आपल्याजवळ आहे. नळदुर्गचा पाणीमहाल त्याच्याच कारकिर्दीत, 1613 साली बांधला गेला.

यंदा सहलीचं पत्र मुलींच्या हाती देऊन आम्ही थांबणार नाही. अम्मी-अब्बांना शाळेत बोलावून ही हकीकत सांगणार आहोत आणि ज्यांना यायचं त्या अम्मींसाठीही गाडीत जागा ठेवणार आहोत.