अबिगेल डनिवे बाईंची सही

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरिगन नावाचे संस्थान आहे. तेथील स्त्रियांस मत देण्याचा हक्क मिळावा म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या अबिगेल स्कॉट डनिवे बाईंचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवतो.

बाईंचा जन्म १८३४ साली इलिनॉय संस्थानात झाला. १८५२ साली हे कुटुंब बैलगाड्यांनी ओरिगनास निघाले. वाटेत आई पटकीने वारली. तिला माळावरच मूठमाती देऊन मुलांस पुढे जावे लागले. दुसऱ्या वर्षी बेंजामिन डनिवे नामक शेतकऱ्याशी बाईंचा विवाह झाला.

पुढे हा गृहस्थ मित्राच्या कर्जास जामीन राहिला. सही त्याची एकट्याची. बायकोची संमती घेण्याची कायद्यास गरज नव्हती. मित्राने कर्ज फेडले नाही, आणि शेत गेले. पुढे अपघात होऊन पतीही कष्टाच्या कामास निकामी झाला. तेव्हा लेकरांच्या पोटासाठी बाईंनी प्रथम शाळा चालविली, मग बायकांच्या टोप्यांचे दुकान घातले. दुकानी येणाऱ्या बायकांची गाऱ्हाणी ऐकून त्यांस कळून आले की, हे दुःख आपल्या एकटीचे नव्हे. कायदे करण्यात स्त्रीचा हात नाही, हेच त्याचे मूळ होय.

म्हणून १८७१ साली त्यांनी पोर्टलंड शहरी एक साप्ताहिक काढले व ते १६ वर्षे चालविले. १८७८ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेस संरक्षण देणारा कायदा झाला. परंतु मताधिकाराचा प्रश्न १८८४ साली पुरुष मतदारांपुढे आला तेव्हा त्यांनी तो फेटाळला. १९००, १९०६, १९०८ व १९१० सालीही तसेच झाले. बाईंचा सख्खा भाऊ हार्वी स्कॉट हा मोठ्या दैनिकाचा संपादक. तोही विरुद्ध होता. तरी बाईंनी हाती घेतलेले काम टाकले नाही.

सहाव्या खेपेस, १९१२ साली, यश आले. त्या वेळी बाई ७८ वर्षांच्या असून आजाराने जर्जर झाल्या होत्या. गव्हर्नर ऑस्वल्ड वेस्ट यांच्या विनंतीवरून जाहीरनामा त्यांनी स्वहस्ते लिहिला, आणि त्यावर गव्हर्नरांच्या सहीबरोबर आपलीही सही केली. १९१५ साली त्या निवर्तल्या.

हा विजय अपुरा होता, हेही सांगितले पाहिजे. त्या देशाचे मूळ रहिवासी जे इंडियन लोक, त्यांपैकी पुष्कळांस १९२४ पर्यंत नागरिकत्वच नव्हते. मग त्यांच्या स्त्रियांस मत कोठून मिळणार? तथापि जिच्या सहीवाचून घरचे शेत गेले, तिचीच सही अखेर संस्थानाच्या जाहीरनाम्यावर उमटली. घरातील कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी घरधनिणीसही विचारावे, एवढा बोध आम्ही या चरित्रातून घेतो.